पक्क्या वहीतली भेसळ

१

दुपारची भाकर झाली की तातेराव ओला हात तोंडावरून फिरवायचे आणि पुढल्या खोलीत येऊन पत्र्याची पेटी ओढायचे. पेटी म्हणजेच त्यांचं टेबल. एका कोपऱ्याखाली चिंधीची घडी सरकवल्याशिवाय ती डगमगायची थांबत नसे. मग वही, मग चष्मा, मग शाईचं पेन. दार उघडंच असायचं. दाराबाहेर ओसरी, ओसरीला दोन पायऱ्या, पुढं एक लिंब, आणि लिंबापलीकडं बदनापूर स्टेशनाकडं जाणारी पायवाट. तीनच्या सुमाराला पॅसेंजर शिटी देत गेली की वही मिटायची. दोन वर्षं हा नेम चुकला नव्हता.

तातेरावांची शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण अक्षर देखणं. कृषी संशोधन केंद्राच्या शेतावर त्यांनी एकतीस वर्षं मजुरी केली. त्यातली वीस वर्षं तुरीच्या ओळींना लावायच्या पत्र्याच्या चकत्या तेच रंगवायचे. वाणाचं नाव, ओळीचा आकडा. उन्हापावसात टिकलं पाहिजे, लांबून वाचता आलं पाहिजे, म्हणून एकेक अक्षर सुटं आणि सावकाश काढायचे. वहीतही तसंच काढायचे. बोलणंही तसंच होतं. एक शब्द, मग थांबणं, मग दुसरा.

कादंबरीचं खूळ बेबीनंदानं डोक्यात घातलं होतं. बेबीनंदा त्यांच्या धाकट्या भावाची, भिवाची मुलगी. तिला जन्म देताना तिची आई गेली. पुढं भिवा तीर्थपुरीकडं एका विहिरीच्या खोदकामावर गेला आणि मुरमाची दरड अंगावर येऊन त्या विहिरीतच संपला. बेबी तेव्हा सव्वा वर्षाची होती. तातेराव आणि गोजरबाई यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनीच तिला वाढवलं, आणि ती त्यांनाच बाबा आणि माय म्हणायची. आता बावीस वर्षांची झाली होती, गावातल्या एका शाळेत शिकवत होती. बापाविषयी विचारायची, तेव्हा तातेराव दोन शब्द बोलून गप्प व्हायचे. शेवटी तीच एकदा म्हणाली, "बोलता येत न्हाई तर लिहून काढा ना बाबा. तुमी कच्चं लिहा, मी पक्कं करून देते."

असं कच्चं लिहिता लिहिता अकरा वह्या भरल्या. कधी एका पानाला आठवडा लागायचा. कधी भिवा लहानपणी बोर पाडायला झाडावर चढायचा आणि खाली उतरायलाच तयार व्हायचा नाही, म्हणजे कागदावर. त्याला उतरवायचं कसं, यात तातेरावांचे चार चार दिवस जायचे. गोजरबाईला अक्षर वाचता येत नव्हतं. ती येता-जाता वहीत डोकावायची आणि म्हणायची, इतकं लिहिलं असतं तर माणूस तहसीलदार झाला असता.

२

अठ्ठ्याण्णव सालच्या होळीनंतर कच्चं पुरं झालं. तातेरावांनी अकरा वह्या पिशवीत घातल्या आणि अप्पारावांना नेऊन दिल्या. अप्पाराव निवृत्त हेडमास्तर, गावात पुस्तकं वाचणारा माणूस म्हणून तेवढेच. त्यांनी पंधरा दिवसांनी बोलावलं, चहा पाजला आणि बोराचं झाड, तुरीची रास, भिवाचं लग्न, सगळ्याची तारीफ केली. मग चौथी वही उघडून तिच्यावर बोट ठेवलं.

चौथ्या वहीत भिवा घर कायमचं सोडतो. ओसरीवर दोघा भावांची बोलाचाली होते. थोरला म्हणतो, 'पुन्हा या उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नको.' भिवा म्हणतो, 'जातो.' आणि जातो. पुढं तो जिवंत दिसत नाही.

"तातेराव, हा थोरला सगळ्या पुस्तकात मायाळू हाय," अप्पाराव म्हणाले. "मंग इथंच असं कामून बोलतो? कारण द्या, न्हाईतर वाक्य काढून टाका. अन् दुसरं, निघताना माणूस 'जातो' म्हणतो का? आपल्यात 'येतो'च म्हणतात. मरायला निघालेला बी येतोच म्हणतो. वाचणाऱ्याला टोचतं ते."

तातेराव मान हलवून घरी आले. अप्पाराव बरोबर बोलत होते. कारण दिलेलं नव्हतं, कारण ते कारण म्हणजे बेबी होती.

त्या दिवशी भिवा तीर्थपुरीच्या कामावरून बेबीला न्यायला आला होता. कामावर एक म्हातारी होती, ती पोर सांभाळील, असं तो सांगत होता. म्हणाला, माझी लेक माझ्यापाशी राहू द्या. गोजरबाईनं पोरीला आत नेलं आणि आतून कडी लावली. तातेराव दारात आडवे उभे राहिले. सव्वा वर्षं ज्यांनी पोर छातीशी धरली होती, त्यांना ती सोडवली नाही. एवढंच झालं होतं. पण ते कागदावर आणायचं म्हणजे बेबीच्या हातात द्यायचं होतं. पक्कं तीच करणार होती. तुझा बाप तुला न्यायला आला आणि आम्ही तुला दिली नाही, हे वाचून ती आपल्याला काय म्हणेल, या विचारानं तातेरावांचा हात बांधला जायचा.

शेतावर तूर फुलावर आली की ओळीओळीनं फिरून वेगळ्या जातीचं झाड मुळासकट उपटावं लागे. त्याला भेसळ काढणं म्हणतात. एक जरी राहिलं तरी सगळं बियाणं बाद होतं. तातेरावांनी स्वतःला समजावलं, हे वाक्यही भेसळच आहे. मायाळू माणसाच्या ओळीत उगवलेलं कडू झाड. त्यांनी ते खोडलं. 'जातो'वर रेघ मारली आणि वर सुबक अक्षरात 'येतो' लिहिलं.

वाचून पाहिलं तर पान एकदम गोड झालं होतं. धाकटा भाऊ येतो म्हणून निघतो, थोरला लिंबाखाली उभा राहून बघतो. त्या दिवशी तातेरावांना दोन घास जास्त गेले.

३

आठेक दिवसांनी ते नववी वही तपासत होते. त्या वहीत भिवाला जाऊन वर्ष झालेलं आहे आणि थोरल्याच्या हाताखाली तुरीची मळणी चालली आहे. मळणीच्या मधोमध एक वाक्य होतं.

भिवा निघाला.

तातेरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अक्षर त्यांचं होतं, शाईही तीच. आपण दुसऱ्याच पानाचं वाक्य चुकून इथं लिहिलं असेल, असं त्यांना वाटलं. वय बासष्ट, दुपारचं ऊन, डोळा लागत असेल. पण एक गोष्ट त्यांना बरी वाटली नाही. मागाहून घुसडलेलं वाक्य दाटीवाटीनं बसतं, हे वाक्य ऐसपैस होतं. त्याच्या आधीचं वाक्य वेळेवर संपत होतं आणि नंतरचं जागा सोडून सुरू होत होतं. जणू वही लिहितानाच त्याच्यासाठी जागा ठेवली होती.

त्यांनी ते खोडलं. शाई वाळेपर्यंत त्याच्याकडं बघत बसले.

तिसऱ्या दिवशी दहाव्या वहीत, जिथं बेबी पहिल्यांदा शाळेत जाते, त्या पानावर होतं: भिवा अंबडपर्यंत आला. पायीच आला.

४

बेबीची शाळा त्या दिवसांत सकाळची होती. दीडला ती घरी यायची, जेवायची आणि खिडकीपाशी पक्की वही घेऊन बसायची. जाड पुठ्ठ्याची, तांबड्या कापडाच्या बांधणीची वही तिनं जालन्याहून आणली होती. ती कच्च्या वहीतलं एकेक पान उतरवायची. तिला खाडाखोड खपायची नाही. एक अक्षर चुकलं तर सबंध पान काढून नव्यानं लिहायची.

एका दुपारी ती पाणी प्यायला उठली, तेव्हा तातेरावांनी पक्क्या वहीत पाहिलं. तिच्या बारीक, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: भिवानं जालन्याचा पूल ओलांडला. येऊन राह्यला.

त्यांनी तिला हे कुठून आलं म्हणून विचारलं. तिनं कच्ची वही पुढं केली. वाक्य तिथं होतं, त्यांच्याच सुट्या, सावकाश अक्षरात. आदल्या दिवशी त्यांनी ते पान दोनदा वाचलेलं होतं आणि तेव्हा ते नव्हतं. निदान त्यांना तसं आठवत होतं.

"तुमीच लिव्हलं अन् मलाच इचारता," बेबी हसून म्हणाली. "मला वाटलं थोरल्याच्या सपनातलं असंल. मला तर सगळ्यात तेच आवडलं बाबा. मेलेलं माणूस पायी पायी घराकडं येऊन राह्यलं. वाचताना वाटतं, आता येतंयच."

तातेराव म्हणाले, ते काढून टाक. बेबीला ते रुचलं नाही. पक्क्या वहीत खाडाखोड करायची तर पक्कं कशाला म्हणायचं, असं म्हणून तिनं पेनचं टोपण लावलं. थोड्या वेळानं, त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "एवढ्या मोठ्या पुस्तकात माझा बाप एक डाव तरी घरी येऊ द्या की."

तातेराव कच्च्या वहीतल्या त्या वाक्याकडं बघत राहिले. पॅसेंजर येऊन गेली. त्या दिवशी त्यांना शिटी ऐकूच आली नव्हती.

५

मंगळवार होता. एक वाजून गेला होता. बेबी अजून यायची होती आणि गोजरबाई आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून डुलकी घेत होती. ऊन इतकं होतं की वरचे पत्रे अधूनमधून तडतडत होते. तातेराव अकरावी वही तपासत होते.

ओसरीजवळ आवाज आला. फट. आणि थोडं थांबून, फट.

पत्र्याचा आवाज वेगळा. हा चपला एकमेकींवर आपटून माती झाडल्याचा होता. भिवा असाच झाडायचा. शेतातून आला की पायरीशी वाकायचा, एक चप्पल दुसरीवर मारायचा, मग दुसरी पहिलीवर. गोजरबाई त्याला म्हणायची, झाडून झाडून चपलेचं सोनं होणार आहे का.

तातेराव पेन धरून बसून राहिले. माणूस असेल तर आता बोलेल, खाकरेल, कोण हाय का घरात म्हणेल. कुणी बोललं नाही. त्यांनी पन्नासपर्यंत आकडे मोजले आणि उठले. गुडघ्यावर हात टेकून उठताना त्यांच्या मनात आलं की आपण मुद्दाम सावकाश उठतो आहोत.

ओसरीवर कुणी नव्हतं. लिंबाखाली कुत्रं झोपलं होतं. झोपेतच होतं. खालच्या पायरीवर मुरमाचे दोन लहान ढीग होते, शेजारी शेजारी, चपलेच्या अंतरावर. पिवळसर मुरूम. त्या भागातली जमीन काळी. रस्त्याच्या कामाला कुठूनतरी मुरूम आणला असेल, कुणाच्या पायाला लागून आला असेल, असं तातेरावांनी मनाशी म्हटलं आणि चिमूट उचलून बोटांत चोळली. मुरूम ओला होता. चैत्रातल्या उन्हात, दगड भाजत असताना, जमिनीच्या खोल पोटातून आताच वर काढल्यासारखा गार होता.

एकवीस वर्षांपूर्वी तसाच मुरूम त्यांनी भिवाच्या तोंडावरून, डोळ्यांच्या खाचांतून, केसांतून स्वतःच्या हातानं धुतला होता. तिथल्याच वस्तीनं मूठमाती दिली होती. घरी आणलं नव्हतं.

त्यांनी केरसुणीनं पायरी झाडली. आत येऊन बसले. जिथं वाचन सोडलं होतं, त्याच्या पुढच्याच ओळीवर होतं: भिवा ओसरीला आला.

६

चार दिवस तातेरावांनी वही उघडली नाही. पेटी भिंतीशी लावून ठेवली. तरी एकच्या सुमाराला आवाज यायचा. फट, फट. आणि मग काहीच नाही. ते काहीच नाही फार वेळ चालायचं. कुणीतरी दारात उभं राहिलं की खोलीतला उजेड जरा उणा होतो, तसा होऊन राहायचा, आणि बेबीच्या सायकलची घंटी वाजली की परत पुरा व्हायचा.

पाचव्या दिवशी त्यांनी एक नवं प्रकरण लिहायला घेतलं. भिवाची माती, नीट, सविस्तर. खड्डा, माणसं, मूठ मूठ माती. माणूस गेला, असं पुन्हा एकदा पक्कं करून टाकावं, असा त्यांचा विचार होता. पण प्रत्येक वाक्याला हात अडायचा. 'भिवाला खाली ठेवलं' असं लिहून ते शब्द शोधत बसायचे, आणि पुढचा शब्द 'उठला' हाच येऊन पेनाच्या टोकाशी थांबायचा. त्यांनी चार पानं फाडली.

गोजरबाई आतल्या दारात येऊन उभी होती. कितीतरी वेळ उभी असावी.

"आवो," ती म्हणाली, "मला बी ऐकू येतंय."

तातेरावांनी पेन खाली ठेवलं.

"पाच दिस झाले. मी झोपल्याचं सोंग करते. तो पोरीला न्यायला आल्ता, त्या दिवसाचं तुमी कसं लिव्हलं?"

त्यांनी सांगितलं. आधी जसं झालं तसं लिहिलं होतं, मग उंबऱ्याचं वाक्य खोडलं, 'जातो'चं 'येतो' केलं. गोजरबाई खाली बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली.

"म्हंजे तुमी त्याला या म्हणले."

"मी कुठं म्हणलो?"

"नको येऊ म्हणल्यालं खोडलं. मंग काय राह्यलं?"

तातेराव म्हणाले, कागदावर लिहिल्यानं असं काही होत नसतं. गोजरबाई म्हणाली, न्हाई होत ना, मंग परत लिहा, होत न्हाई तर लिहायला काय जातं. आणि कडी मी लावली होती तेही लिहा, माझं नाव घालून.

"बेबी वाचील ते."

"वाचू द्या. इथं बसून ती आपल्याला शिव्या देईल. ते परवडलं." तिनं दाराबाहेर पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तो माझ्यासाठी न्हाई आल्ता. तुमच्यासाठी बी न्हाई."

७

लिहायला दोन दुपारी लागल्या. तातेरावांनी एवढं कधीच लिहिलं नव्हतं. भिवानं पोरीसाठी आणलेलं लाल टोपरं, म्हातारीचं नाव, गोजरबाईची कडी, बंद दारामागं रडणारी पोर, आपण दारात रोवलेले पाय. आम्हाला मूल पाहिजे होतं, म्हणून त्याला त्याचं मूल दिलं नाही, असं त्यांनी लिहिलं. शेवटी ते वाक्य जसंच्या तसं घातलं. पुन्हा या उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नको. 'येतो'वर काट मारली आणि 'जातो' लिहिलं. दोन्ही दिवस त्यांच्या हातानं आपल्या मनानं काही लिहिलं नाही. त्यांनी पानं चार वेळा तपासली. एकही शब्द परका नव्हता.

रविवारी जेवणानंतर त्यांनी ती पानं बेबीपुढं ठेवली. गोजरबाई आतल्या दारात बसली. तातेराव पेटीशी बसले. बेबीनं पानं वाचली, एकदा भरभर, एकदा सावकाश. मग पक्की वही उघडली आणि उतरवायला लागली. पेनाचा खरखर आवाज तेवढा येत होता. उंबऱ्याच्या वाक्याशी ती थांबली. तिनं ते लिहिलं, पूर्णविराम दिला आणि पेन ठेवलं.

"मी लई रडत होते का?"

"लई," तातेराव म्हणाले.

"अन् तो?"

"ओसरीवर बसला. दोन घंटे." एक शब्द, मग थांबणं, मग दुसरा. "पाणी मागितलं न्हाई. आमी... दिलं न्हाई."

"माझं नाव घेतलं का?"

"बाहेरून हाका मारत होता. तू गप झालीस, मंग उठला."

बेबीनं मान हलवली. ती रडली नाही, चिडली नाही. तातेरावांना वाटत होतं ती काहीतरी बोलेल आणि ते ऐकायला त्यांनी पाठ ताठ करून ठेवली होती. ती म्हणाली, "सांगायचं होतं ओ बाबा," इतकंच, आणि परत लिहायला लागली. अजून बाबाच म्हणाली. तातेरावांना भडभडून आलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. झालं, संपलं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या.

८

या वेळी आवाजानंतर तशी शांतता झाली नाही. कुणीतरी पायरीवर बसलं. थकलेला माणूस बसताना नाकातून सोडतो तसा श्वास ऐकू आला. उंबऱ्याच्या आत मात्र काही आलं नाही. उजेडसुद्धा उणा झाला नाही. लिहिलेलं लागू झालं, तातेरावांना कळलं. तो आत येत नव्हता. उंबऱ्याबाहेर बसला होता, सांगितलं होतं तसा.

गोजरबाईनं पदर तोंडात धरला. बेबीनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती उठली, माठाशी गेली, तांब्या भरला. तातेरावांना म्हणायचं होतं, थांब. त्यांच्या तोंडात शब्द उशिरा येतात. तो येईपर्यंत ती उंबरा ओलांडून ओसरीवर गेली होती.

पेटीशी बसून दाराचा अर्धाच भाग दिसत होता. त्यांना बेबीची वाकलेली पाठ दिसली, दोन्ही हातांत धरलेला तांब्या दिसला. तिच्यापलीकडं, खालच्या पायरीवर, एक पाठमोरा खांदा होता. पिवळा. कान पिवळा, मानेवरचे केस पिवळे, चिकटलेले. डोकं घराकडं वळलेलं नव्हतं. ते लिंबाकडं बघत होतं, एखाद्याला आत बघायलाही मनाई असावी तसं. मग तांब्या बेबीच्या हातातून वर उचलला गेला आणि पाणी घशाखाली उतरल्याचा आवाज यायला लागला. एवढ्याशा तांब्यात इतकं पाणी नसतं. तो आवाज थांबेचना.

तातेरावांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा बेबी आत आली होती. रिकामा तांब्या तिनं माठावर पालथा घातला. सकाळी न्हाऊन तिनं केसांना तेल लावलं होतं. त्या तेलकट केसांवर, टाळूपासून मागं, मुरमाची पाच बोटं उमटली होती. लहान मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा तशी.

"बाबा," ती म्हणाली, "तीर्थपुरीला इथून कोणती गाडी जाती?"

तिचा आवाज नेहमीचाच होता. तिनं पक्की वही मिटली, पेनचं टोपण लावलं, खुंटीवरची पिशवी काढली. उंबऱ्याच्या आत येऊ नको, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. आतल्या माणसानं बाहेर जायचं की नाही, याविषयी सबंध पुस्तकात एक अक्षर नव्हतं.

"बेबे," गोजरबाई म्हणाली, "बस की थोडी."

"येते ना माय," बेबी म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

तातेरावांनी वही ओढली. पेटी डगमगली. एक वाक्य पुरे होतं. बेबी घरातच राहिली. एवढं लिहिलं की झालं. त्यांनी पेन टेकवलं आणि जन्मात पहिल्यांदा घाईनं लिहायचा प्रयत्न केला, पण हाताला घाई माहीत नव्हती. बे. बी. ओसरीवर बेबीची एक चप्पल वाजली. घ. पायरीवरचं माणूस उठल्याचा आवाज झाला, सांधे मोडल्यासारखा. रा. आता पुढं 'तच'. 'घराबाहेर'सुद्धा इथपर्यंत असंच लिहितात, हे त्यांच्या त्याच क्षणी ध्यानात आलं. पुढं त काढायचा होता. उघडा आकडा आणि एक काठी, बस. आकड्याचा बंद गोल झाला तर तो ब.

"बेबी," ते मोठ्यानं म्हणाले. चपलांचा आवाज लिंबाकडं निघाला होता.

हातानं वळण घेतलं. तातेराव बघत राहिले. आकडा जिथं सोडायचा तिथं हात थांबला नाही. सावकाश खाली आला, परत वर गेला आणि त्यानं गोल पुरा बंद केला.